दूरचित्रवाणीवरील शेअर-सल्ला : बोलणारा कोणाच्या बाजूने बोलतो?

(जबलपूर येथे मराठी श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

जबलपूर हे न्यायालयाचे शहर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेश राज्याची स्थापना झाली आणि उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ या शहरात आले. तेव्हापासून न्यायदानाचे दोन साधे संकेत येथील सामान्य नागरिकाच्याही परिचयाचे झाले आहेत. पहिला संकेत असा की, न्यायालयात उभा राहणारा वकील कोणाच्या वतीने बोलत आहे, हे त्याच्या वकीलपत्रावरून सर्वांना आधीच ठाऊक असते. दुसरा संकेत असा की, ज्या प्रकरणात न्यायाधीशाचे स्वतःचे हित गुंतलेले असेल, त्या प्रकरणातून तो बाजूला होतो. या दोन्ही नियमांमुळे वकिलाच्या किंवा न्यायाधीशाच्या प्रामाणिकपणाचा अपमान होतो, असे कोणी मानत नाही. उलट त्यांच्या शब्दाला वजन प्राप्त होते ते या नियमांमुळेच.

आता याच शहरातील एखाद्या घरातील सकाळचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. शेअर बाजाराचे व्यवहार सव्वानऊ वाजता सुरू होतात. त्यापूर्वीच वित्तीय वृत्तवाहिन्यांवर त्या दिवशी कोणते शेअर घ्यावेत आणि कोणते विकावेत याची यादी सुरू झालेली असते. खरेदीचा भाव, अपेक्षित भाव आणि तोटा मर्यादित ठेवण्यासाठीचा ‘स्टॉप लॉस’ असे तीन आकडे पडद्यावर झळकतात. सांगणारी व्यक्ती जाणकार असते, तिची भाषा आत्मविश्वासाची असते. परंतु तिचे वकीलपत्र कोणाचे आहे, हे पाहणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते. ती प्रेक्षकांच्या वतीने बोलते, आपल्या दलाली पेढीच्या वतीने बोलते की स्वतःच्या खात्यातील शेअरच्या वतीने बोलते? प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा एवढाच प्रश्न आहे.

ऐकणारा कोण आहे?

हा प्रश्न केवळ मुंबईच्या दलाल स्ट्रीटचा राहिलेला नाही. जबलपूरची अर्थव्यवस्था दीर्घकाळ पगारदारांची राहिली आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून येथे आहे. त्यानंतर खमरियाची आयुध निर्माणी आणि व्हेईकल फॅक्टरी आली. २००३ मध्ये पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे झाले. विद्यापीठे, न्यायालय आणि शासकीय कार्यालये आहेतच. अशा शहरात दरवर्षी अनेक कुटुंबांच्या हाती भविष्य निर्वाह निधी आणि उपदान यांची रक्कम एकरकमी येते. ही रक्कम आयुष्यात एकदाच येते आणि ती गमावल्यास पुन्हा मिळवण्याचे वय उरलेले नसते. बँकेच्या मुदत ठेवीवरील व्याज पुरत नाही असे वाटू लागले की नजर शेअर बाजाराकडे वळते.

या वळणाचा वेग आकड्यांवरून कळतो. देशातील डीमॅट खाती मार्च २०२० मध्ये सुमारे ४ कोटी होती. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी १० कोटींचा, तर २०२५ मध्ये २० कोटींचा टप्पा ओलांडला. एका व्यक्तीची एकाहून अधिक खाती असू शकतात हे खरे; तरीही वाढ प्रचंड आहे. पूर्वी या भागातील गुंतवणूकदाराचा संबंध ओळखीच्या दलालाशी किंवा उपदलालाशी येत असे. त्याच्या सल्ल्यातही स्वार्थ असे, परंतु तो माणूस दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटत असे आणि आपल्या सल्ल्याचा जाब त्याला द्यावा लागे. पडद्यावरील तज्ज्ञाला प्रेक्षकाचे नावही ठाऊक नसते. विश्वास वाढला आणि उत्तरदायित्व मात्र घटले, अशी ही स्थिती आहे.

सल्ल्याने भाव का हलतो?

नीतीच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी त्यामागील अर्थशास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. सल्ल्यात नवी माहिती असेल तर भाव बदलणे योग्यच आहे. परंतु माहिती नवी नसतानाही भाव हलतो, कारण हजारो लोक एकाच वेळी तोच शेअर मागू लागतात. ज्या लहान कंपन्यांच्या शेअरची दैनंदिन उलाढाल कमी असते, तेथे हा परिणाम अधिक तीव्र होतो.

अमेरिकेत बुसे आणि ग्रीन या अर्थशास्त्रज्ञांनी एका वित्तीय वाहिनीवरील शेअरविषयक निवेदनांचा अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुकूल निवेदनाचा परिणाम एका मिनिटाच्या आत भावात उतरतो आणि पहिल्या काही सेकंदांत व्यवहार करणाऱ्यालाच त्यातून अल्पसा लाभ मिळतो, असे त्यांना आढळले. ‘मॅड मनी’ या लोकप्रिय अमेरिकी कार्यक्रमावर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की, शिफारस झालेल्या शेअरचा भाव एका रात्रीत वाढतो आणि पुढील काही महिन्यांत ती वाढ विरून जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शेअरचा भाव १०० रुपये आहे. उद्या सकाळी त्याची शिफारस होणार, हे ठाऊक असलेली व्यक्ती आज १ लाख शेअर घेते. सकाळी शिफारस होते, प्रेक्षक धावतात आणि भाव १०४ रुपयांवर उघडतो. ती व्यक्ती आपले सर्व शेअर तेथे विकते आणि ४ लाख रुपये मिळवते. काही दिवसांनी भाव पुन्हा १०० वर येतो. कंपनीचे उत्पादन वाढले नाही, तिचा नफा वाढला नाही, देशाच्या संपत्तीत एका पैशाची भर पडली नाही. म्हणजे ते ४ लाख रुपये १०४ ला खरेदी करणाऱ्या प्रेक्षकांच्या खिशातून आलेले आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तोटा इतका लहान असतो की तो कोणाच्या लक्षातही येत नाही आणि म्हणूनच त्याची तक्रारही होत नाही.

जुना दोष, नवे माध्यम

हा दोष दूरचित्रवाणीने निर्माण केलेला नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९६३ मध्ये कॅपिटल गेन्स रिसर्च ब्युरो या सल्ला-पत्रिकेचे प्रकरण आले. पत्रिका चालवणारी संस्था शिफारस करण्याच्या किंचित आधी शेअर घेत असे आणि वर्गणीदारांच्या खरेदीने भाव वाढला की विकत असे. हे वर्गणीदारांपासून लपवणे हीच फसवणूक आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

१९८७ मधील विनान्स प्रकरण अधिक बोलके आहे. फॉस्टर विनान्स हे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ या वृत्तपत्रात शेअर बाजारावरील प्रभावी स्तंभ लिहीत. स्तंभात काय येणार हे ते एका दलालाला आधी सांगत आणि त्या माहितीवर सुमारे ६ लाख ९० हजार डॉलरचा नफा कमावला गेला. या योजनेमुळे स्तंभातील मजकूर बदलला गेल्याचा पुरावा नव्हता. तरीही दोषसिद्धी सर्वोच्च न्यायालयात कायम राहिली. सल्ला खरा होता एवढ्यावर सल्लागार निर्दोष ठरत नाही, हा धडा त्या प्रकरणाने दिला. ब्रिटनमध्ये ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या शेअरविषयक स्तंभाचे दोन लेखक अशाच कारणावरून २००५ मध्ये दोषी ठरले.

मुंबईलाही हा अनुभव नवा नाही. १९९२ चा रोखे घोटाळा उघडकीस आणण्याचे श्रेय सुचेता दलाल या पत्रकार महिलेला जाते. त्याच घोटाळ्यातील प्रमुख आरोपी हर्षद मेहता हे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रीय स्तंभांतून शेअरविषयक सल्ला देऊ लागले. पुढे २००१ मध्ये ‘सेबी’ने त्यांना भांडवल बाजारात व्यवहार करण्यास आजन्म बंदी केली. वित्तीय पत्रकारिता बाजाराची पहारेकरी होऊ शकते, आणि तिचे व्यासपीठ बाजारातील खेळाडूच्या हातीही जाऊ शकते, या दोन्ही गोष्टी एकाच दशकात, एकाच शहरात दिसल्या.

अलीकडील भारतीय प्रकरणे

१३ जानेवारी २०२१ रोजी ‘सेबी’ने सीएनबीसी आवाज वाहिनीचे निवेदक हेमंत घई, त्यांच्या पत्नी आणि मातोश्री यांच्याविरुद्ध अंतरिम आदेश काढला. ‘स्टॉक २०-२०’ या कार्यक्रमात शिफारस होणाऱ्या शेअरची खरेदी कुटुंबीयांच्या खात्यांतून आदल्या दिवशी केली जात होती आणि शिफारशीच्या दिवशी विक्री होत होती, असे त्यात नमूद होते. जानेवारी २०१९ ते मे २०२० या काळातील सुमारे २ कोटी ९५ लाख रुपयांचा नफा रोखून ठेवण्याचा आदेश देण्यात आला.

८ फेब्रुवारी २०२४ रोजी झी बिझनेस वाहिनीवर येणारे काही पाहुणे तज्ज्ञ आणि इतर मिळून १५ जणांविरुद्ध अंतरिम आदेश निघाला. शिफारशीची माहिती प्रसारणापूर्वी काही जणांकडे पोहोचत होती, ते आधी खरेदी करून प्रसारणानंतर विक्री करीत आणि नफ्यात वाटा ठरलेला होता, असे आदेशाचे म्हणणे होते. २०२२ मधील अकरा महिन्यांच्या व्यवहारांपोटी ७ कोटी ४१ लाख रुपये रोखण्यात आले. १७ जून २०२५ रोजी संजीव भसीन या दूरचित्रवाणीवरील परिचित विश्लेषकासह १२ जणांविरुद्धच्या अंतरिम आदेशात ही रक्कम ११ कोटी ३७ लाख रुपये होती. अंतरिम आदेश हा अंतिम निवाडा नव्हे, हे न्यायालयाच्या शहरात वेगळे सांगण्याची गरज नाही. तथापि तिन्ही आदेशांत वर्णिलेली रीत एकच आहे, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

मध्य प्रदेशाला या विषयाची आणखी एक बाजू परिचित आहे. दूरध्वनी व संदेशांद्वारे शेअरच्या ‘टिप्स’ विकणाऱ्या सल्लागार कंपन्यांचे मोठे केंद्र इंदूर येथे उभे राहिले आणि तेथील अनेक कंपन्यांवर ‘सेबी’ला कारवाई करावी लागली. पडद्यावरील सल्ला फुकट मिळतो आणि दूरध्वनीवरील सल्ला शुल्क देऊन; पण सल्लागाराचे हित झाकलेले राहिले तर दोन्हीकडे ग्राहकाची स्थिती सारखीच होते.

नियमांची चौकट

‘सेबी’चे संशोधन विश्लेषकांसंबंधीचे विनियम २०१४ मध्ये आले. विशिष्ट शेअरविषयी शिफारस करणाऱ्या विश्लेषकाने नोंदणी करणे, जाहीर माध्यमातून बोलताना नोंदणीची स्थिती आणि संबंधित कंपनीतील आपले आर्थिक हित सांगणे या विनियमांनी आवश्यक केले. संशोधन अहवाल प्रसिद्ध होण्यापूर्वी ३० दिवस आणि त्यानंतर ५ दिवस त्या शेअरमध्ये विश्लेषकाने स्वतः व्यवहार करू नये, तसेच आपल्याच शिफारशीच्या उलट व्यवहार करू नये, अशी बंधनेही घातली. फसवणुकीच्या व अनुचित व्यवहारांना प्रतिबंध करणारे २००३ चे विनियम त्यापूर्वीपासून आहेतच.

माध्यमांच्या बाजूने पाहिल्यास, भारतीय वृत्तपत्र परिषदेने वित्तीय पत्रकारांसाठी १९९६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. भेटवस्तू, कर्ज, सवलती किंवा प्राधान्याने मिळणारे शेअर स्वीकारू नयेत, असा त्यांचा आशय आहे. जाहिरातीच्या मोबदल्यात माध्यम कंपन्या इतर कंपन्यांचे शेअर घेऊ लागल्या, तेव्हा असे हितसंबंध वाचकांना सांगितले जावेत यासाठी २०१० मध्ये ‘सेबी’ने पुढाकार घेतला. मात्र वृत्तपत्र परिषदेचे क्षेत्र १९७८ च्या कायद्यानुसार वृत्तपत्रे आणि वृत्तसंस्था यांपुरते आहे. ज्या माध्यमाचा परिणाम एका मिनिटात भावात उतरतो, ते दूरचित्रवाणीचे माध्यम या परिषदेच्या कक्षेबाहेर आहे.

प्रकटीकरण पुरेसे आहे काय?

या विषयावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, तज्ज्ञाकडे तो शेअर असणे हे त्याच्या विश्वासाचेच लक्षण आहे. जो स्वतः पैसे गुंतवत नाही त्याचे कोणी का ऐकावे? या म्हणण्यात तथ्य आहे. शेअर बाळगणे हा दोष नव्हे. परंतु दहा वर्षांसाठी घेतलेला शेअर आणि काल घेऊन आज विकावयाचा शेअर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘हे शेअर आमच्याकडे किंवा आमच्या ग्राहकांकडे असू शकतात’ या ठराविक वाक्याने तो फरक कळत नाही. कधी घेतला आणि किती काळ ठेवणार, हे सांगितले तरच प्रकटीकरणाला अर्थ प्राप्त होतो.

दुसरा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा आहे. अर्थव्यवस्था, एखादा उद्योग किंवा बाजाराची सर्वसाधारण दिशा यांविषयी मत मांडण्यावर कोणतेही बंधन असू नये, आणि २०१४ च्या विनियमांनीही अशी सर्वसाधारण टिप्पणी संशोधन अहवालाच्या व्याख्येबाहेर ठेवली आहे. मत चुकण्याचा अधिकार तज्ज्ञाला आहेच. भविष्य कोणालाच दिसत नाही. प्रेक्षकाचा हक्क अचूक भाकितावर नाही. सांगणाऱ्याचे हित कोठे आहे हे जाणण्यावर आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठोर आहे: प्रौढ नागरिकाने आपल्या पैशाची काळजी स्वतः घ्यावी. सावधगिरीचा उपदेश रास्त आहे. तथापि ज्या गोष्टीचे ज्ञान होण्याचा मार्गच बंद आहे, तिच्याविषयी सावध कसे राहणार? निवेदकाच्या कुटुंबीयांच्या खात्यात आदल्या दिवशी काय घडले, हे जबलपूरमधील निवृत्त कर्मचाऱ्याला कळणे अशक्य आहे.

या विवेचनातून एक तत्त्व निष्पन्न होते. शिफारशीमुळे भाव वाढतो तो प्रेक्षकांच्या पैशाने. म्हणून ‘उद्या शिफारस होणार आहे’ या पूर्वज्ञानाचे मोलही प्रेक्षकांच्या विश्वासातूनच निर्माण झालेले असते. विनान्स प्रकरणात कायद्याने अशी माहिती वृत्तपत्राची मालमत्ता मानली. नीतीच्या दृष्टीने एक पाऊल पुढे जाऊन असे म्हणावे लागेल की, तिचे खरे धनी वाचक आणि प्रेक्षक आहेत. तज्ज्ञ आणि वाहिनी हे केवळ विश्वस्त आहेत. देवस्थानाच्या दानपेटीची किल्ली ज्याच्याकडे असते, त्याने पेटीतील पैसे आपल्या व्यापारात फिरवून नंतर जागेवर ठेवले तरी तो अपराधच ठरतो. ‘पेटीची किल्ली माझ्याकडे आहे’ अशी पाटी लावल्याने तो अपराध धुतला जात नाही. प्रकटीकरण आवश्यक आहे. परंतु प्रसारणाच्या आगेमागे व्यवहार न करणे हे त्याहून मूलभूत कर्तव्य आहे.

वाहिनीची जबाबदारी यातून सुटत नाही. शिफारस करणाऱ्याला व्यासपीठ ती देते. अशा वाहिन्यांना दलाली पेढ्यांच्या जाहिराती मिळतात आणि दलालाचे उत्पन्न ग्राहकाच्या नफ्यावर नव्हे, तर उलाढालीवर अवलंबून असते. त्यामुळे ‘आज काहीही करू नका’ हा अनेकदा सर्वांत हिताचा असलेला सल्ला पडद्यावर क्वचितच ऐकू येतो. प्रत्येक तज्ज्ञाच्या मागील वर्षभरातील सर्व शिफारशींचा, फसलेल्यांसह, हिशेब वाहिनीने नियमितपणे दाखवावा. यशस्वी शिफारशींची आठवण करून देणे आणि उरलेल्यांवर मौन बाळगणे, हाही असत्याचाच एक प्रकार आहे.

श्रोत्याची बाजू

नियम कितीही झाले तरी शेवटचा निर्णय घरातच होतो. शिफारस करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक ‘सेबी’च्या संकेतस्थळावर पडताळून पाहता येतो, संशोधन विश्लेषकांचा क्रमांक ‘आयएनएच’ आणि गुंतवणूक सल्लागारांचा ‘आयएनए’ या अक्षरांनी सुरू होतो. तक्रारीसाठी २०११ पासून ‘स्कोअर्स’ ही व्यवस्था आहे. शिफारस ऐकल्यानंतर पहिल्या तासात खरेदी न करणे, हा एक साधा नियम पाळला तरी वर दिलेल्या उदाहरणातील १०४ रुपयांचा खरेदीदार होण्याची वेळ बहुधा टळेल.

वायदा व्यवहारांबाबत तर अधिक कठोर संयमाची आवश्यकता आहे. ‘सेबी’च्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांहून अधिक होता. २०२३-२४ मध्ये अशा व्यवहारकर्त्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाख रुपयांपेक्षा कमी असल्याचे नोंदवले होते. २०२४-२५ मध्येही तोट्यात गेलेल्यांचे प्रमाण ९१ टक्के राहिले. हा सर्व तोटा दूरचित्रवाणीच्या सल्ल्यामुळे झाला, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु झटपट व्यवहाराची सवय लावण्यात रोज सकाळी झळकणाऱ्या त्या तीन आकड्यांचा वाटा नाही, असेही म्हणता येणार नाही.

विकसनशील देशाला उद्योगांसाठी भांडवल हवे आहे आणि ते लहान शहरांतील लहान बचतीतूनही यावे, ही इष्ट गोष्ट आहे. मात्र एकदा फसलेला बचतदार दीर्घकाळ बाजाराकडे फिरकत नाही. त्याने गमावलेली रक्कम कदाचित काही हजारांची असेल. पण देशाच्या भांडवल बाजाराने गमावलेला विश्वास त्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणूनच पडद्यावर बोलणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाने बोलण्यापूर्वी आपले वकीलपत्र प्रेक्षकांपुढे ठेवावे. आणि जेथे स्वतःचेच हित गुंतलेले असेल तेथे, न्यायाधीशाप्रमाणे, निमूटपणे बाजूला व्हावे. एवढी अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.